दुसरी प्रत

प्रत करणे हे एके काळी कष्टाचे काम होते. कागद घोटायचा, शाई करायची, बोरू तासायचा आणि मग दिवे लागेपर्यंत मान खाली घालून अक्षराला अक्षर उतरवीत बसायचे. दिवसाकाठी मोजकीच पाने होत. त्यामुळे कशाची प्रत करावी आणि कशाची करू नये, याचा निवाडा लेखणी उचलण्यापूर्वीच करणे भाग पडे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेसाठी राखून ठेवला आणि अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, शाई, कागद यांचा तपशिलाने विचार केला. लिहिणाऱ्याच्या मागे कोणीतरी वाचणारा येणार आहे, ही जाणीव त्या सगळ्या तपशिलामागे आहे. परमार्थाच्या ग्रंथात हस्ताक्षराचा विषय कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ही जाणीव लक्षात घ्यावी.

आज आमच्या घरांत प्रत करण्याचे काम एक लहानशी पेटी करते. टेलिफोनच्या वा फायबरच्या तारेला जोडलेला राउटर आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. त्याच्या पाठीमागे पुष्कळदा एक चपटे भोक असते, त्याला यूएसबी म्हणतात. त्यात खिशात मावणारी हार्ड डिस्क जोडली की घरातील प्रत्येक संगणकाला ती हवेतून दिसू लागते, आणि एकदा नेमून दिले की रोज रात्री संगणक आपल्या पोटातील नवे-जुने सर्व त्या डिस्कवर उतरवून ठेवतो. कोणी बोरू तासत नाही आणि कोणी निवाडाही करीत नाही. सोय मोठी आहे, यात शंका नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या कृतीतून निवड गेली, श्रम गेले आणि बहुधा लक्षही गेले, तिला जतन म्हणावे काय? आणि जतन करणे हे कर्तव्य असेल, तर ते कोणाप्रती?

हा प्रश्न आम्ही कणकुंबीच्या संदर्भात विचारीत आहोत, कारण येथे तो केवळ तात्त्विक राहत नाही. जांबोटी ओलांडून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. आणि त्याच गावच्या रानात उगवणारा कळसा नाला उलट दिशेने म्हादईकडे धावतो. एकाच शिवारात पडलेल्या पावसाचे काही थेंब कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातात, काही गोव्यातून अरबी समुद्राला. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच. बेळगाव शहरात पडतो त्याच्या कैक पट पाऊस येथे जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. भिंतींना ओल येते, फडताळातील पोथ्यांवर पांढरी बुरशी चढते, छायाचित्रे एकमेकांना चिकटतात आणि सोडवू गेल्यास चेहरेच निघून येतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने करून घेतलेल्या लग्नाच्या सीडींवरही ठिपके पडलेले असतात. कागदाचा शत्रू आग आणि वाळवी असे आपण म्हणतो. या पट्ट्यात त्यांच्या आधी ओलीचे नाव घ्यावे लागेल.

त्या फडताळात आहे तरी काय? आमच्या जुन्या घराण्यांतून मोडीतील खरेदीखते आहेत, देवस्थानच्या यात्रेचे जमाखर्च आहेत, मुंबई इलाख्याच्या काळातील शाळेचे दाखले, कोणा पणजोबांनी ठेवलेली रोजनिशी, पुण्या-मुंबईहून आलेली पोस्टकार्डे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे कचेरीतील कागद क्रमाने कानडीत होत गेले, आणि २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेतून जमिनीचे उतारे संगणकावर आले तेही कानडीत. यात तक्रार करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. कोणतेही सरकार आपल्या कारभारापुरतेच आणि आपल्या भाषेत जपणार. परंतु त्यावरून एक गोष्ट उघड होते. शेताच्या हद्दी कचेरी जपेल. त्या शेतात राबलेल्या आजीने लेकीला लिहिलेले पत्र जपण्याचे काम जगातील कोणत्याही कचेरीचे नाही. ते पत्र घराने जपले नाही तर ते राहणार नाही, आणि ते कोणी हिरावले असेही म्हणता येणार नाही.

येथे एक जुना आणि सबळ आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जपण्याची ही हौस म्हणजे आसक्तीच नव्हे काय? संतांनी संग्रहाला दूषण दिले. जे जाणार ते जाऊ द्यावे, पोस्टकार्डे वाळवीला आणि चित्रे बुरशीला द्यावीत, अशी एक विरक्त भूमिका घेता येते. तिच्या समर्थनार्थ कोणी इंद्रायणीचा डोहही दाखवील.

पण डोहाची कथा नीट आठवली तर ती या आक्षेपाच्या बाजूने उभी राहत नाही, असे आम्हांला वाटते. परंपरेप्रमाणे तुकोबांच्या वह्या पाण्यात गेल्या आणि त्यांनी तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य केले. विरक्ताचा मुकुटमणी वह्यांसाठी धरणे धरून बसतो, हे विसरून चालणार नाही. आणि अभंग वाचले ते कसे? भाविक म्हणतील, देवाने राखले. ते आम्ही नाकारीत नाही. व्यवहारात मात्र असे दिसते की ते गाणाऱ्यांच्या कंठात होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांत होते. पुढे दोनशे वर्षांनी, १८७३ पर्यंत, मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी साहाय्याने गाथा छापून निघाली, तेव्हाही देहू, तळेगाव, पंढरपूर अशा निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती जमवून पाठ ताडून पाहावे लागले. म्हणजे अभंग टिकले, कारण ते एकट्या तुकोबांच्या घरात नव्हते.

यातून आसक्ती आणि जतन यांतील भेद आम्हांला असा दिसतो : आसक्ती मूळ वस्तूला घट्ट धरते, आणि प्रत करणारा ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे खांद्यावर वळकटी टाकून दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. त्या भ्रमंतीत ज्यांच्या माळ्यावर रुमालच्या रुमाल बांधलेले होते अशा कित्येक घरमालकांनी कागद दाखविण्यास नकार दिला. कोणाला इनामाची धास्ती, कोणाला भाऊबंदकीची, कोणाला नुसताच संशय. ते लोक कागदांवर प्रेम करीत नव्हते असे नाही. राजवाड्यांना जे उतरवून घेऊ दिले गेले ते आज छापील रूपात आपल्यासमोर आहे, आणि जे जपून ठेवले गेले त्यातील किती वाळवीने खाल्ले व किती वाण्याच्या पुड्यांत गेले याची गणती नाही. ही विसंगती आम्हांला फार शिकवून जाते. आमच्या भागातही अशी घरे आहेत, आणि आजही पेटी उघडायची म्हटले की थोरल्या काकांचा चेहरा बदलतो.

आता पुन्हा राउटरला जोडलेल्या डिस्ककडे येऊ. तिचा गुण असा की ती इंटरनेटवर अवलंबून नाही. वायफाय म्हणजेच इंटरनेट असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः राउटर हाच एक छोटा संगणक असून तो घरातील यंत्रांना आपापसांत जोडतो. बाहेरची तार पावसात आठ दिवस तुटलेली असली तरी घरातल्या घरात प्रत उतरत राहते. वीज मात्र हवी, आणि इन्व्हर्टरवर राउटर व डिस्क दोन्ही घेतलेली बरी, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कची मांडणीच बिघडू शकते. शहरातील तरुण मंडळी ‘सगळे क्लाउडवर टाका’ म्हणतात, त्यांनी साधा हिशेब करावा. २०० गिगाबाइट छायाचित्रे व ध्वनिफिती असतील आणि बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर तार एकदाही न तुटता सव्वानऊ दिवस लागतील. तीच सामग्री घरातील डिस्कवर, अगदी स्वस्त राउटरच्या मंद गतीने, सेकंदाला १० मेगाबाइट धरली तरी साडेपाच तासांत एका रात्रीत उतरते. कणकुंबीसारख्या ठिकाणी ही पद्धत गरजेची आहे, तिला मागासलेपण समजू नये.

तिचा दोष तिच्या गुणातच आहे. ती सदैव जोडलेली असते. संगणकातील मजकूर बिघडला तर बिघडलेला मजकूरही ती निष्ठेने उतरवून घेते. कोणी चुकून अख्खा कप्पा पुसला आणि प्रणाली ‘दोन्हीकडे सारखे ठेव’ अशा प्रकारची असेल, तर डिस्कवरूनही तो पुसला जातो. म्हणून जुन्या आवृत्त्या राखणारी प्रणाली घ्यावी असे जाणकार सांगतात, ते योग्यच आहे. पण त्याहूनही मोठा धोका आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना विळखा घातला. असल्या प्रणाली संगणकातील फायलींना कुलूप लावतात आणि संगणकाला दिसणाऱ्या, जोडलेल्या डिस्कांनाही सोडीत नाहीत. वॉनाक्राय ज्या वाटेने शिरली ती वाट घरातील यंत्रे एकमेकांना फायली दाखविण्यासाठी जी जुनी बोली वापरीत, तिच्यातील एक छिद्र होते. पुढे नव्या विंडोजमध्ये ती जुनी बोली आपोआप बसविणे बंद झाले, ते उत्तमच झाले. मात्र त्यामुळे ज्या घरांत जुने राउटर होते तेथे असे झाले की डिस्क जागेवर, दिवा लुकलुकतो आहे, आणि नव्या संगणकाला तिचा पत्ताच नाही.

शिवाय डिस्क आणि संगणक एकाच कौलाखाली आहेत, ही तर अगदी ढोबळ गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा मूळ आणि प्रत यांत पाण्याने भेद केला नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, त्यांत प्रभातच्या चित्रपटांच्याही होत्या. ज्यांच्या प्रती अगोदरच सुरक्षित फितीवर उतरवून दुसरीकडे ठेवलेल्या होत्या ते चित्रपट आजही पडद्यावर दिसतात. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी २००४ रोजी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. ज्या संस्थेने देशभरातील बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, जिने प्रत म्हणजे काय हे आपल्याला शिकविले, तिच्याच फडताळांची ही दशा व्हावी, यावर अधिक काही लिहवत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला एक नियम संगणकवाले सांगतात : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. नियम चांगला आहे, पण त्यातील ‘दुसरे ठिकाण’ हा शब्द आम्हांला पुरेसा वाटत नाही. ठिकाणापेक्षा दुसरा माणूस महत्त्वाचा. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. कंपनीने राखलेली प्रत काढून पाहिली तर ती निरुपयोगी निघाली. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करीत आणि त्यासाठी त्यांनी एक प्रत घरी नेलेली होती. एवढी मोठी कंपनी, आणि तिचे संचित एका बाळंतिणीच्या घरातल्या संगणकात सापडले. आमच्या आज्या लोणच्याची एक बरणी लेकीकडे धाडीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या माणसाचा विचार निघाला की पासवर्डचा प्रश्न येतो, आणि येथे महानुभावांची आठवण अपरिहार्य आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांनी ते पुन्हा सांगितले. हिराइसेच्या स्मरणावरून उतरलेला पाठ त्यांत विशेष प्रसिद्ध. अर्थात पाठापाठांत फरक पडले. अभ्यासक आजही त्यांवर वाद घालतात. आम्हांला मात्र त्या फरकांबद्दल आदरच वाटतो. राउटरच्या डिस्कवरील प्रत अक्षरशः तंतोतंत असते; परंतु ती नाहीशी झाली तर ती पुन्हा सांगू शकेल असा घरात कोणीही नसतो. हिराइसेजवळ होते ते ज्ञान होते, आमच्या डिस्कवर आहे तो केवळ साठा आहे. वेदपाठकांनी जटा, घन अशा पाठांची उलटसुलट वीण घालून एकेक अक्षर पक्के केले, तीही एक प्रत ताडण्याचीच युक्ती होती. फरक एवढाच की ताडणारा आणि धारण करणारा एकच होता.

त्याच महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परिणाम असा की मराठीतील पहिल्या गद्याचा हा ठेवा कित्येक शतके इतर मराठी वाचकांना बंद राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नाने ते कुलूप उघडले. कुलूप उघडू शकले, कारण किल्ली जिवंत माणसांजवळ होती. मठांतून गुरूकडून शिष्याकडे ती जात राहिली होती. आजच्या डिस्कला लावलेले कुलूप याहून कितीतरी कठीण असते आणि त्याची किल्ली बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस साठीचा असतो, त्याला दम्याचा त्रास असतो, आणि ‘पासवर्ड सांगून ठेवा’ असे त्याला म्हणणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे, असे घरातल्यांना वाटते. हा संकोच आम्ही समजू शकतो. पण मृत्युपत्राविषयी असाच संकोच होता आणि तो आपण बऱ्याच अंशी सोडला. मग येथे तो का बाळगावा?

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. राउटरला जोडलेली डिस्क साऱ्या घराची असते. तिच्यावर सासऱ्यांचे हिशेब, मुलाची प्रमाणपत्रे, सुनेने मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, नातवाने काढलेली आणि नंतर लाजून पुसलेली छायाचित्रे, सारे शेजारी शेजारी येऊन पडते. ज्याने जे पुसले ते त्याने विचारपूर्वक पुसले असेल. आणि जुन्या आवृत्त्या राखणारी प्रणाली ते मुकाट्याने राखून ठेवते. युरोपच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये माणसाला शोधयंत्रांतून आपली जुनी माहिती काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडेही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला. मात्र व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या व्यवहाराला तो लागू नाही. म्हणजे उंबऱ्याच्या आत कायदा येत नाही, आणि येऊही नये. तेथे प्रश्न निखळ नीतीचा उरतो. सुनेच्या पत्रांची प्रत ठेवण्याचा अधिकार सासऱ्यांना कोणी दिला? ‘सुरक्षिततेसाठी’ हे उत्तर पुरेसे नाही. हद्दीवरची माणसे, मग ती देशाच्या असोत की घराच्या, हे उत्तर नेहमीच ऐकत आली आहेत. आमच्या मते प्रत्येकाचा कप्पा निराळा, त्याची किल्ली ज्याची त्याला, आणि सर्वांचे म्हणून जे ठेवायचे ते एकत्र बसून ठरवायचे, एवढी मर्यादा पाळलीच पाहिजे. यंत्राने काढून घेतलेला निवाडा आपण येथे परत आणू शकतो. विसरू देणे हेही घराचे एक औदार्य असते, आणि ज्या घरात काहीच विसरले जात नाही तेथे राहणे कठीण.

मग एकत्र बसून काय ठरवायचे? येथे आमच्यासारख्या वाङ्मयीन मंडळांना स्वतःपासूनच आरंभ करता येईल. १९९० नंतर आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी मजकूर संगणकावर चढला तो श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींतून. त्या अक्षरवळणांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत भाड्याने राहत होती. आज ती फाईल उघडावी तर विचित्र चिन्हांची रांग दिसते. फाईल शाबूत, एकही बिंदू हललेला नाही, आणि वाचता मात्र एक शब्द येत नाही. मोडीचे जे झाले तेच येथे वीस वर्षांत झाले. रूपांतर करणारी साधने आहेत, पण मूळ अक्षरवळणाचे नाव ठाऊक असेल तर काम सोपे होते, आणि ते नाव कोणी टिपून ठेवलेले नसते. गंमत अशी की त्याच अंकाची छापील प्रत कोणाच्या तरी कपाटात असते आणि ती कोणीही शाळकरी मूल वाचू शकते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. राउटर आणि डिस्क एकाच डब्यात घालून अ‍ॅपल कंपनीने २००८ साली विकायला काढलेली ‘टाइम कॅप्सूल’ २०१८ साली बंद झाली. आम्ही यंत्रांच्या विरुद्ध नाही, पण आयुष्याचा हा ताळा डोळ्यांपुढे असावा.

तेव्हा रोज रात्री डिस्कवर काय उतरते याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही; ते चालू राहू द्यावे. वर्षातून एकदा ती डिस्क उघडून, दुसऱ्याच संगणकावर, दुसऱ्याच माणसाने त्यातील एखादी फाईल परत आणून वाचून दाखविणे, याला आम्ही जतन म्हणू. आणलेली नाही तोवर प्रत आहे असे मानणे हा केवळ विश्वास आहे. आमच्या भागात हे काम गणेशचतुर्थीला सहज जमेल. त्या आठवड्यात पणजी, पुणे, बेळगाव, बंगळुरू येथे विखुरलेली माणसे गावी येतात, घर भरते. दोन डिस्का असाव्यात. एक राउटरला जोडलेली आणि दुसरी कोणाच्या तरी बरोबर परगावी राहणारी. चतुर्थीला त्यांची अदलाबदल करावी. कणकुंबीच्या पाण्यासारखी आमची मुलेही दोन्ही दिशांना गेली आहेत. त्याचा आम्हांला एरवी खेद होतो, पण दुसऱ्या प्रतीसाठी त्याहून चांगली सोय कोणती?

मोडी कागदांची नुसती छायाचित्रे काढून भागणार नाही. छायाचित्राने कागद टिकेल, वाचन टिकणार नाही. मोडी वाचणारी काही वयस्क माणसे अजून तालुक्यात आहेत. एकेका कागदाचे बाळबोध लिप्यंतर त्यांच्याकडून लिहून घ्यावे, शक्य तर ते वाचत असतानाचा त्यांचा आवाजही टिपावा, आणि ते युनिकोडमध्ये टंकित करून छायाचित्राशेजारीच ठेवावे. त्याची एक छापील प्रतही काढावी. डिस्कच्या खोक्यात एक चिठ्ठी असावी : आत काय आहे, कोणत्या साली ठेवले, मजकूर कोणत्या अक्षरवळणात आहे, कोणता कप्पा कोणाचा आणि सामाईक कप्प्याची किल्ली कोणाजवळ. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. आमच्याकडच्या दमट हवेत शाई पसरते.